दुःखाची सातवी ओळ

लोक हवापालटाला जातात, मुलाकडे जातात, निदान कुणाच्या तरी लग्नाला जातात. मी दुःखाची परीक्षा घ्यायला गेलो होतो. परत आल्यावर चिपळुणात ज्याला ज्याला हे सांगितलं तो आधी हसला आणि मग "म्हणजे काय हो?" म्हणाला. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळं लिहून काढावं म्हटलं, कारण या प्रवासात परीक्षा माझीच झाली आणि तिच्या निकालाचा आनंद अजून ओसरलेला नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात पाली शिकवली. निवृत्तीनंतर चार आर्यसत्यांवर प्रश्नोत्तरांची एक छोटी पुस्तिका लिहिली. पावसाळ्याचे तीन महिने, म्हणजे वर्षावासात, गावोगावच्या विहारांत संध्याकाळी वाचन चालतं आणि शेवटी बायकांची तोंडी परीक्षा होते. तिला माझी पुस्तिका लावली होती. यंदा परीक्षा घेणारी मंडळी म्हणाली, पुस्तक तुमचं आहे, तर नांदेड-लातूरकडच्या परीक्षाही तुम्हीच घ्या. मी लगेच होकार दिला. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला कुणाला आवडत नाही?

नांदेड, मंगळवार

चिपळूणहून नांदेडला पोचेपर्यंत हाडं खिळखिळी झाली, याहून त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. स्टेशनाबाहेर सलीमभाईंची रिक्षा मिळाली. पन्नाशीचा माणूस, तोंडाने सतत चालू. कशाला आलात, कुणाकडे उतरणार, जेवलात का, हे तिन्ही प्रश्न पहिल्या चौकाच्या आत विचारून झाले. आमच्याकडे एवढी चौकशी व्हायला शेजारी राहून दोन वर्षं जावी लागतात.

"परीक्षा घ्यायला आलोय," मी म्हणालो.

"कायची?"

"दुःखाची. पहिला प्रश्न तोच असतो."

त्यांनी रिक्षा हळू केली आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. "दुःखाचा पेपर? अन् त्यात कुणी फेल बी होतं का सर?"

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. पालीत शब्द 'दुक्ख' असा आहे, त्याचा अर्थ नुसतं रडू येणं नव्हे, सुखातही जी एक खुपणारी, न टिकणारी गोष्ट असते तीही त्यात येते, असं मी पुलापर्यंत समजावून सांगितलं. सलीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. लॉजपाशी उतरताना म्हणाले, "म्हंजी कुठं बी बसा, बूड नीट टेकत न्हाई, ते." मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी उमरीच्या भाषणात मी ते वापरलं. सलीमभाईंचं नाव मात्र घेतलं नाही, ते आता इथे घेतो.

रात्रीच्या जेवणात भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ. ते आमटीला घट्टपणा देतं आणि कोकणातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांना पाणी. मी भात मागितला तेव्हा वाढणाऱ्याने "तब्येत बरी न्हाई का?" असं काळजीने विचारलं.

उमरी, बुधवार

उमरीचा दिवस माझ्या डोक्यात चढला, हे कबूल केलं पाहिजे. विहारात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका सतरंजीवर रांगेने बसलेल्या. कुणी शेतमजूर, कुणी अंगणवाडीची मदतनीस, एक तर तहसील कचेरीत नोकरीला. एकेक जण पुढे यायची, "जय भीम सर" म्हणून समोर बसायची आणि मी विचारायचो, दुःख म्हणजे काय? की सुरू. जन्म हे दुःख, म्हातारपण हे दुःख, आजार हे दुःख, मरण हे दुःख, नावडत्याशी गाठ पडणं हे दुःख, आवडत्याची ताटातूट हे दुःख, थोडक्यात ज्या पाच गोष्टींना माणूस 'मी' म्हणून धरून बसतो त्या सगळ्या दुःख. सगळी वाक्यं माझी. मी जिथे स्वल्पविराम दिला होता तिथेच त्या श्वास घेत होत्या.

गुण फक्त या पहिल्या प्रश्नाला: ओळींचे सात, स्पष्ट उच्चाराचे तीन. मी दहापैकी दहा देत सुटलो. दुपारी तीन घरी जेवायचं आमंत्रण होतं आणि एकाही घरी नाही म्हणायची सोय नव्हती. तिसऱ्या घरच्या ठेच्याने पुढचे दोन दिवस माझी आठवण ठेवली.

इस्लापूर, गुरुवार

इस्लापूरला परीक्षेआधी सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला नेलं. काळ्या कातळावरून पैनगंगा इतक्या ठिकाणांहून कोसळते की कुठे बघावं कळत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दर वळणावर धबधबा असतो, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच पुढे गेलो, शेवाळावरून घसरलो आणि माझी एक चप्पल नदीने नेली. बरोबरच्या लोकांनी मला धरलं म्हणून मी राहिलो. परीक्षा अनवाणी घेतली. संपल्यावर बायकांनी आपसांत काहीतरी ठरवलं आणि कुणाच्या तरी नवऱ्याची चप्पल आणून माझ्यापुढे ठेवली. दोन नंबर मोठी होती, पण तीच फटक फटक वाजवत मी पुढचा सगळा दौरा केला.

इथेही सगळ्यांना दहापैकी दहा. परतताना गाडीत मी पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचा विचार करत होतो.

मुरुडजवळचं गाव, शुक्रवार

लातूर मागे टाकून मुरुडच्या अलीकडे एका गावी उतरलो. ऑक्टोबर होता, सगळीकडे सोयाबीनची कापणी. आमच्या तांबड्या मातीतून आलेल्या माणसाला ही काळी जमीन अंगावर येते. इतकी माती एकत्र असते हे मला माहीतच नव्हतं. वंदना नावाची अंगणवाडी सेविका न्यायला आली होती. विहाराचं काम तीच बघायची आणि माझा मुक्कामही तिच्याच घरी होता. चालता चालता तिने मला बाजूला घेतलं.

"सर, सात बाया हायत. सहा जणींची काळजी न्हाई. केवळाबाईकडं जरा बगा."

केवळाबाई साठीच्या. लोकांच्या शेतात कापणी-खुरपणी करणाऱ्या सात जणींच्या टोळीत सगळ्यांत पुढे त्या. चाळिशी उलटल्यावर वाचायला शिकल्या आणि नऊ वर्षं दर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेताहेत: बुद्धवंदना, पाढे, वाचन, नखं कापली का ते बघणं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी लातूरला नर्स आहे. पण यंदा वरच्या मंडळींनी नियम काढला होता, की परीक्षा पास नसेल त्याला वर्ग घेता येणार नाही. केवळाबाई मागच्या दोन्ही वेळी पहिल्याच प्रश्नाला अडकून नापास झाल्या होत्या. या वेळी नापास झाल्या तर रविवारपासून शहरातून शिक्षक येणार होता.

"त्यांना सगळं येतं सर," वंदना म्हणाली. "पन टेबलापुढं बसल्या की तोंड बंद."

मी म्हणालो, घाबरू नका, मी सावकाश विचारीन. आणि खरंच सावकाश विचारलं. सहा जणी दहापैकी दहा घेऊन मागे जाऊन बसल्या होत्या. केवळाबाई पुढे आल्या. काटक, उंच, हाताला सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या पुस्तिकेकडे पाहिलं, माझ्या पेनाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. जन्म, म्हातारपण, आजार, मरण. आवाज खणखणीत. नावडत्याशी गाठ. आवडत्याची ताटातूट. आणि थांबल्या.

मी वाट पाहिली. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. एकच ओळ राहिली होती, आणि ती इतकी सोपी, की मलाच सांगावीशी वाटत होती.

तेवढ्यात मागून एकीने म्हटलं, "थोडक्यात ज्या पाच गोष्टींना..." दुसरीने पुढचे शब्द घातले, तिसरीने ओळ पुरी केली. सहाही जणी उठून टेबलाजवळ आल्या होत्या. कुणाच्या चेहऱ्यावर चोरी केल्याचा मागमूस नव्हता.

मी टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांची सवय. "ही सरळ सरळ कॉपी आहे," मी म्हणालो. "सातही जणींची परीक्षा रद्द."

त्या गोंधळल्या. एक जाडजूड बाई समजावणीच्या सुरात म्हणाली, "सर, तिची पात मागं राहिली व्हती ना." मला काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. केवळाबाईंनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला आणि निघून गेल्या. आता रविवारी सकाळी त्या काय करतील, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो झटकला.

वंदनाने जेवायला धपाटे केले होते. ताट माझ्यापुढे ठेवून ती तडक आत निघून गेली.

तिथेच, शनिवार

सकाळी चहाबरोबर वंदना म्हणाली, "सर, रद्द करा, तुमचा अधिकार हाय. पन एकदा त्यांच्यासंगं शेतात चला. तुमची गाडी संध्याकाळची हाय."

गेलो. बायकांनी साड्यांवर नवऱ्यांचे फुलशर्ट चढवले होते आणि हातांत जुने पायमोजे घातले होते, कारण वाळलेल्या शेंगा टोचतात. जय भीम झाला, रागबिग कुणी दाखवला नाही. प्रत्येकीने सहा-सहा तासांचा, म्हणजे पिकाच्या ओळींचा, एक पट्टा आखून घेतला. याला पात म्हणतात. मलाही काय सुचलं कोण जाणे, म्हणालो, मीही एक पात धरतो.

"धरा की," केवळाबाई म्हणाल्या आणि एक विळा माझ्या हातात दिला.

मी लहानपणी भात कापलेला माणूस, मला वाटलं जमेल. दहा मिनिटांत कळलं की भात आणि सोयाबीन यांचं काही नातं नाही. ताठर बुडखे, गुडघ्याएवढी झाडं, आणि वर डोकं भाजून काढणारं ऊन. सातही जणी सरसर पुढे गेल्या. मी मागे एकटा, वाकलेला, पायात दुसऱ्याची चप्पल. बांधावर कडुलिंबाची सावली दिसत होती. त्या तिथे पोचल्या तेव्हा मी निम्म्यावरही नव्हतो. मला वाटलं, आता या बसतील, पाणी पितील आणि माझी मजा बघतील.

पण कुणी बसलं नाही. पोचल्यापोचल्या त्या वळल्या आणि माझ्याच पातीच्या त्या टोकाला लागल्या. सात विळे माझ्या दिशेने कापत आले. बघता बघता आम्ही समोरासमोर आलो आणि माझी पात संपली. मग सगळेच बांधावर गेलो आणि सगळ्यांनी एकदमच पाणी प्यायलं.

"असं नेहमी करता?" मी विचारलं.

"मग?" जाडजूड बाई म्हणाली. "एकजन उन्हात अन् सहाजनी सावलीत, घास उतरंल का?"

माझ्या डोक्यात कालचं विहार उभं राहिलं. मला लाज वाटली, पण नियम डोक्यातून जात नव्हता. मी केवळाबाईंना म्हणालो, "त्यांचं समजलं. पण तुम्हाला एवढी सोपी ओळ का आठवली नाही?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश म्हणाल्या, "आठवत व्हती की. पन तिच्या आधी आणिक एक हाय. ती तुमच्या पुस्तकात न्हाई."

"कुठली?"

"हवं ते न मिळनं, हे बी दुःखच. आमी लहानपनापसून विहारात म्हनतो. मोठ्या भन्तेजींनी शिकवलेलं. ताटातुटीच्या मागून ती येती."

मी पिशवीतून पुस्तिका काढली. चौथ्या पानाच्या शेवटी ताटातूट. पाचव्या पानाच्या सुरुवातीला 'थोडक्यात'. मधली ओळ नाही. पान उलटताना ती गळली होती आणि मला, पालीच्या प्राध्यापकाला, छापताना, तपासताना आणि या तीन दिवसांत एवढ्या बायकांच्या तोंडून ऐकताना एकदाही समजलं नव्हतं. मी अर्थ ऐकत नव्हतो, माझं पुस्तक ऐकत होतो.

"मग तुम्ही काल सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? पुस्तक तुमचं, समूर तुमीच, अन् हातात पेन. त्यात न्हाई ती ओळ म्हनली तर चूक. अन् न म्हनता पुढं जायाला जीभ व्हईना. दोन वर्सं तिथंच अडकून राहिले मी."

"एका ओळीसाठी? वर्ग जाणार होता तुमचा. सोडून द्यायची होती."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "सर, जन्म, म्हातारपन, मरन, हे राजाला बी हाय अन् मला बी हाय. त्यात कुनाचा हात न्हाई. ह्या एका ओळीत मानसाचा हात हाय. माज्या आईला शाळा हवी व्हती. मिळाली न्हाई. ती काय म्हातारपनावानी आपोआप आली का? मानसांनी ठरवलं व्हतं, हिला मिळू द्यायची न्हाई. जे मानसांनी केलंय ते मानसं मोडू शकत्यात, हे मी पोरांना ह्याच ओळीवर सांगते. तीच गाळली तर पोरं म्हनतील, दुःख म्हंजे नुसतं म्हातारं व्हनं अन् मरनं. मग रविवारी येऊन करायचं काय?"

मी आयुष्यभर जे शिकवलं ते या बाईने एका भाकरीच्या वेळात जागेवर आणून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी ते येसराचं नव्हतं. वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त आनंद होत होता. वर्गात क्वचित कधी एखादा विद्यार्थी आपल्या पुढे निघून जातो तेव्हा होतो तो आनंद.

"केवळाबाई," मी म्हणालो, "तुमची परीक्षा आत्ता घेतो. इथेच. पेन पिशवीत राहू दे."

"मग कामावर घ्या," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "हात रिकामे असले की मला सुचत न्हाई."

नवी पात धरली. मी त्यांच्या शेजारच्या पातीत. कापता कापता त्यांनी आठही ओळी म्हटल्या. मग मी दुःखाचं कारण विचारलं. म्हणाल्या, तृष्णा, तिची पात लहान आली अन् माझीच मोठी, हे मोजत बसनं. ते थांबवता येतं का? येतं, म्हनून तर सकाळी उठायचं. आणि मार्ग? आठ अंगं त्यांनी विळ्याच्या आठ फटक्यांत सांगितली. मी पुन्हा मागे पडलो होतो, म्हणून शेवटची तीन त्यांनी मागे वळून ओरडून सांगितली.

संध्याकाळी विहार भरलं. मुलं पुढे, माणसं दारापर्यंत. माझी गाडी गेली असेल, मी तिकडे पाहिलंही नाही. उभा राहिलो आणि सांगितलं, की चूक माझी आहे, पुस्तिकेत एक ओळ गळली आहे आणि ती या गावात केवळाबाईंनी सांभाळली. काल मी ज्याला कॉपी म्हटलं त्याबद्दल सातही जणींची माफी मागतो. आठ ओळींचे आठ गुण आणि स्पष्ट उच्चाराचे तीन. केवळाबाईंना दहापैकी अकरा.

मग जो आवाज उठला तो मी आजवर कुठल्याही निकालाला ऐकलेला नाही. मुलांनी सतरंजी झोडपली. वंदना हसत होती आणि रडतही होती. जाडजूड बाईने केवळाबाईंना कमरेला धरून चक्क उचललं.

गुणपत्रकात मी बाकीच्या सहा जणींचे दहा कायम ठेवायला लागलो तेव्हा केवळाबाईंनी मला थांबवलं. त्या सहा जणींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "म्हना." सहा जणींनी गळलेली ओळ म्हटली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा मुलांनीही. "आता लिव्हा," त्या मला म्हणाल्या. मी सगळ्यांना अकरा लिहिले. तसं करता येतं का, मला माहीत नाही. गुणपत्रकं वर पाठवली आहेत आणि उमरी-इस्लापूरलाही पत्रं गेली आहेत.

प्रमाणपत्र हातात आल्यावर केवळाबाईंनी ते नीट वाचलं, एकेक अक्षर, ओठ हलवत. दारातल्या कुणीतरी "दोन शब्द बोला" म्हटलं. मला वाटलं, आता त्या गप्प होतील. त्यांनी प्रमाणपत्राची घडी केली, पदर खोचला आणि माझ्या पेनासमोर, सगळ्या गावासमोर, मोठ्यांदा म्हणाल्या:

"उद्या रविवार हाय. वर्ग आठला सुरू व्हनार. उशीर केला तर बाहेर उभं राहायचं. सगळ्यांनी आपापलं पुस्तक आनायचं, चौथ्या पानावर एक ओळ लिव्हून घ्यायची हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमचं बी आना."